मदत हवी आहे: जपानी कार्बन स्टीलची सुरी रत्नागिरीच्या पावसात कशी टिकवू?

नमस्कार मंडळी. सध्या ओसाकात आहोत, जूनमध्ये कायमचे रत्नागिरीला परततोय. सोबत एक नाकिरी येणार आहे, म्हणजे भाज्या चिरायची चौकोनी पात्याची सुरी. जपानातल्या कोची शहरात रविवारच्या बाजारात घेतलेली, तोसा (त्या भागाचं जुनं नाव) घडणीची. मधे शिरोगामी २ (गंजणारं जपानी कार्बन स्टील) पोलाद, दोन्ही अंगांना मऊ लोखंड, वरचा भाग भट्टीतला काळाच ठेवलेला. हिच्यावर कोबी असा काही बारीक होतो की बाकीच्या सुऱ्या खणातच पडून असतात.

धारेजवळच्या चकचकीत पट्टीवर आता निळसर-करडे ढग आलेत. सासूबाई म्हणतात, विळीसारखी घासून लख्ख कर. घासू का? चिरलेला कांदा जरा राहिला की कडा तपकिरी पडतात आणि कोशिंबिरीला लोखंडाचा वास येतो. पातं मुठीत शिरतं तिथे लाल ठिपके आहेत. शिवाय घरातल्या एकाने काबोचा (इथला टणक सालीचा भोपळा) कापताना सुरी अडकली म्हणून पिळली, धारेचे दोन बारीक टवके उडाले. रत्नागिरीत धारवाल्याकडे देऊ का? आणि तेल कुठलं लावू?

प्रतिसाद १
ताई, निळा-करडा थर अजिबात घासू नका, तो पात्याचं रक्षणच करतो. काढायचा तो फक्त लाल गंज: खायच्या सोड्याची घट्ट पेस्ट बाटलीच्या बुचाने चोळा, धुवा, लगेच पुसा. मुठीपाशी पाणी आत मुरतं, म्हणून सुरी टोक खाली करून उभी निथळत ठेवायची. फट असेल तर मधमाशीचं मेण वितळवून भरा. कांद्याचा प्रकार बहुतेक बाजूच्या मऊ लोखंडामुळे होतो, ते आतल्या पोलादापेक्षा लवकर काळवंडतं. थर बसला की कमी होईल. तोवर मधेमधे ओल्या फडक्याने पुसत चिरा. कैरी, लिंबू, कोकमाला स्टेनलेसचीच सुरी घ्या.

प्रतिसाद २
धारवाल्याकडे मुळीच नको! त्याचं चाक कोरडं फिरतं, पातळ धार तापून निळी पडली की पोलादाचं पाणी उतरलं म्हणून समजा. तिकडूनच १००० आणि ३००० ग्रिटचे पाणदगड (पाण्यात भिजवून धार लावायचे दगड; ग्रिटचा आकडा मोठा तितका दगड बारीक) आणा. टवक्यांसाठी आधी ४०० च्या आसपासचा लागेल. दोन्ही बाजू सारख्या घासायच्या, नाकिरीची धार दुहेरी असते.

तेल म्हणाल तर जपानात कॅमेलियाचं वापरतात, छोटी बाटली घेऊन या. संपलं की औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं नको, हळूहळू चिकट राप बसतो. जून ते सप्टेंबर लाकडी म्यानात ठेवू नका, लाकूड दमट होतं. तेलाचा हात फिरवून कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळा आणि सिलिका जेलसकट डब्यात ठेवा. तशी कोचीतही पाऊस बदाबद पडतो, त्यामुळे तुमची सुरी काही नाजूक राजकन्या नाही. नारळ, सुरण, माशाची हाडं मात्र कोयत्याकडे.

धागाकर्ती
खूप आभार! मेणाचं डोक्यातच आलं नव्हतं. आणि केळफूल?

प्रतिसाद २
विळीवर. हाताला तेल लावून. आणि विमानात सुरी चेक-इन बॅगेतच टाका, धारेला जाड पुठ्ठा बांधून.