मदत हवी आहे: उणे १३७ अंशांवरचं पाणी खरंच द्रव असतं का?

नमस्कार मंडळी. बारावीच्या मुलांसमोर पाण्यावर बोलायचं आहे आणि एका मुद्द्यावर गाडी अडली आहे. भौतिकी-रसायनवाल्यांनी कृपया लक्ष घालावं.

शुद्ध पाण्याचे बारीक थेंब साधारण उणे ३८ अंश सेल्सिअसपर्यंत द्रव राहू शकतात, हे मुलांना पटतं. दुसऱ्या टोकाला काचरूप बर्फ, म्हणजे ज्यात रेणू स्फटिकासारखे रांगेत नसून अस्ताव्यस्त असतात असा घन बर्फ. अतिथंड धातूच्या पत्र्यावर विरळ वाफ हळूहळू साचू दिली, तर रेणूंना रांगेत बसायला सवडच मिळत नाही आणि स्फटिक न होता काच तयार होते. ती तापवताना उणे १३७च्या आसपास उष्माधारकतेत (एक अंश तापवायला लागणाऱ्या उष्णतेत) छोटीशी पायरी दिसते. उणे १२०च्या पुढे गेलं की बघता बघता स्फटिक!

अडचण त्या पायरीची आहे. तिथे काच वितळून खरोखर घट्ट, वाहणारा द्रव होतो, की रेणू जागच्या जागी फक्त फिरू लागतात? कोणता प्रयोग हे स्पष्ट दाखवतो?

दुसरं म्हणजे, १९८४ साली मिशिमा, कॅलव्हर्ट आणि व्हॅली यांनी साधा बर्फ उणे १९६ अंशांवर प्रचंड दाबाखाली चिरडून १.१७ घनतेची (ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर) काच मिळवली. हलक्या प्रकारच्या काचेची घनता ०.९४. अतिशीत पाण्यातही (गोठणबिंदूखाली जाऊनही द्रव राहिलेल्या) असेच जड आणि हलका असे दोन द्रव असावेत, ही १९९२ची मांडणी मला फार सुंदर वाटते. पण २०२३ मध्ये लंडनमध्ये बर्फ पोलादी गोळ्यांसोबत घुसळून १.०६ घनतेचा प्रकार मिळाला. त्याला काच म्हणायचं की पार मोडलेला स्फटिक?

गणित थोडं असलं तरी चालेल.