टर्फच्या ग्रुपवर माकडं टाकणाऱ्या ज्येष्ठांना काय सांगावं?

गोलकी_म्हापसा

नमस्कार मंडळी. म्हापशाजवळच्या एका टर्फवर आम्ही दर रविवारी संध्याकाळी फुटबॉल खेळतो. त्याचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, मी ॲडमिन. टर्फचं भाडं कोणाचं राहिलं ते विचारायचं आणि उरलेल्या वेळात एफसी गोवावरून रात्री बारापर्यंत भांडायचं, एवढाच त्याचा उपयोग.

आमच्यात एक लागोसचा मुलगा आहे, सेंटर बॅक. तो नसला की मला गोलात उभं राहायला नको वाटतं, कारण बाकीचे डिफेंडर नेमके कॉर्नरच्या वेळी बूट बांधत बसतात. कोकणी त्याला बऱ्यापैकी समजते. लोकांच्या हे लक्षात नसतं, किंवा असतं आणि त्यांना काही वाटत नाही.

मागच्या आठवड्यात त्याने हेडरने गोल मारला. कोणीतरी फोटो टाकला. त्याखाली आमच्या एका ज्येष्ठांनी (सगळे त्यांना भाई म्हणतात) लिहिलं, ‘खाप्री झाडावरून उतरला’ (खाप्री म्हणजे आफ्रिकन माणसाला हिणवायचा शब्द), आणि पुढे तीन माकडं. त्यावर सात-आठ जणांचे हसरे चेहरे. त्या मुलाने स्वतः अंगठा दाखवला. बस, अंगठा. तेव्हापासून गप्प आहे. येणार का विचारलं तर ‘वर्क’ एवढंच उत्तर.

अडचण अशी की यंदाच्या जर्सी भाईंनी दिल्यात. नेट फाटलं तेव्हा पैसेही त्यांचेच. माझ्या वडिलांच्या वयाचे, मला कडेवर खेळवलेलं. त्यांना सगळ्यांसमोर सुनवू? की मेसेज गुपचूप काढून टाकू? आणि उद्या कोणी पोलिसांत गेलंच, तर ॲडमिन म्हणून माझ्या गळ्यात पडेल का?

पेडणेकर_नंबर_१०

एवढं काय रे त्यात. आमच्या ग्रुपवर एक काळ्या आहे, एक टकल्या आहे, एक ढोल आहे. काळ्या तर गुगल पेच्या नोटमध्येही ‘काळ्या’ लिहितो. भाईंच्या मनात काही नसणार. तुम्ही शहराकडची पोरं प्रत्येक गोष्टीचं राजकारण करता. जर्सी परत मागितल्या तर काय उघडे खेळणार?

शिट्टी_फोंडा

पेडणेकर, तुमचा काळ्या चवथीला तुमच्या घरी आरतीला येतो, तुम्ही त्याच्या आईच्या हातच्या नेवऱ्या खाता, आणि तो तुम्हाला काय काय म्हणतो ते तुम्ही ऐकून घेता. लागोसचा मुलगा भाईंना उलटून काय म्हणणार? आवाज जरा चढला की ‘बघा, हे असेच’ म्हणायला सगळे टपलेले. भाड्याची खोली, व्हिसाचे कागद, सगळं त्याच्या डोक्यात असतं.

मी बरीच वर्षं गावोगावच्या टुर्नामेंटमध्ये शिट्टी मारली. मॅचमागे पैसे ठरवून आणलेले आफ्रिकन खेळाडू जवळून पाहिलेत. गोल मारला की ‘आमचो’, पेनल्टी चुकली की तोच खाप्री. आणि ओरडणारे कोण? फातोर्ड्याच्या स्टेडियमवर रँटी मार्टिन्ससाठी घसा फोडणारेच. 2011-12 च्या आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या मोठ्या लीगमध्ये, रँटीने गोव्याच्या डेंपो क्लबसाठी 32 गोल मारले, डेंपो चॅम्पियन झाला. त्याआधी गोव्याच्याच चर्चिल ब्रदर्सकडे ओडाफा होता. दोघेही नायजेरियाचे. तेव्हा कोणाला झाड आठवलं नाही. (आठवलं असेल, पण स्कोअर बघून गिळलं.)

चेष्टा म्हणाल तर केरळात मलप्पुरम जिल्ह्यात, अरीकोडजवळ, मार्च 2024 मध्ये काय झालं ते बघा. सेव्हन्सच्या (सात-सात जणांच्या फुटबॉलच्या) सामन्यात आयव्हरी कोस्टच्या खेळाडूला प्रेक्षकांनी रंगावरून शिव्या दिल्या आणि मैदानात पाठलाग करून मारलं. केरळ म्हणजे फुटबॉलवेडे लोक, आपल्यासारखेच.

फिफाच्या पंचांकडे आता तीन पायऱ्या आहेत: आधी खेळ थांबवायचा, मग संघांना आत न्यायचं, शेवटी सामनाच बंद. 2024 पासून खेळाडूने मनगटांवर हात आडवे धरून खूण केली की पंचाने त्याची दखल घ्यायची. माझ्या वेळी यातलं काही नव्हतं. मी खेळ थांबवून आयोजकांच्या टेबलाशी जायचो आणि माईक मागायचो. ‘माडाखाली बसलेल्या मंडळींनी तोंड आवरावं, नाहीतर मॅच इथेच संपली’ असं एकदा लाऊडस्पीकरवर गेलं की गावचं नाव जातं म्हणून तीच मंडळी एकमेकांना गप्प करायची. प्रत्येकाच्या कानाशी जाऊन समजावत बसलो असतो तर काळोख पडला असता.

तेव्हा गोलकीबाब, भाईंशी घरी जाऊन बोला, फोनवर नको. त्यांचा मान तिथे राखा. पण ग्रुपवर तुमच्या नावाने एक ओळ हवीच, कारण माकडं ग्रुपवर आली होती. गुपचूप काढलंत तर हसलेल्या आठ जणांना काय समजणार? ‘फोटोखालचा मेसेज मी काढला आहे, कोणाच्या रंगावरून इथे बोलायचं नाही.’ भाईंचं नाव नको.

पोलिसांचं म्हणाल तर, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये म्हटलंय की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी नुसता ॲडमिन आहे म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही, आधीपासून संगनमत असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे भीतीपोटी काही करायची गरज नाही. करायचं ते त्या पोरासाठी करा.

हल्याळचो

मी सिद्दी. हल्याळ तालुक्यातला, कामाला कुंडईत. आमच्या पूर्वजांना पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम करून गोव्यात आणलं, त्यातले बरेच पळून घाटावरच्या रानात गेले. 2003 पासून उत्तर कन्नडात आम्ही अनुसूचित जमातीत आहोत, 2020 मध्ये आमचे शांताराम सिद्दी कर्नाटकच्या विधान परिषदेवर गेले. घरात आम्ही कोकणी बोलतो. तरी बसमध्ये कंडक्टर माझ्याशी इंग्रजी बोलतो, आणि मी ‘फोंड्या एक’ म्हटलं की पुढच्या दोन सीटवरचे वळून बघतात.

मला गरवायचा, म्हणजे गळाने मासे धरायचा नाद. इथल्या एका गरवणाऱ्यांच्या ग्रुपवर आलो तेव्हा प्रोफाइलला माझा चोणक मासा घेतलेला फोटो होता. पहिलाच मेसेज, ‘नायजेरियन कोणी ॲड केला? माल विकायला आला काय?’ पुढे तेच ते. शेवटी मी फोटो कापला, नुसता चोणक ठेवला. आता तेच लोक मला विचारतात, गळाला सुंगट (कोळंबी) जिवंत लावायचं की मेलेलं, भरतीला की सुकतीला. मी उत्तरं देतो. पण त्यांच्याबरोबर पाण्यावर जात नाही.

गोलकी, त्या मुलाला ‘तुला वाईट वाटलं का’ असं विचारू नका. तो नाहीच म्हणणार. मेसेज काढला आणि चार नंबरची जर्सी त्याचीच आहे, एवढं कळवा.

गोलकी_म्हापसा

शिट्टीबाब, काल गेलो होतो. भाई म्हणाले, ‘मी प्रेमाने म्हटलं.’ त्यांचं मूळ घर घाटावरचं, चंदगडकडचं. गेल्या वर्षी सासष्टीच्या एका टीमने त्यांना ‘घाटी’ म्हटलं तेव्हा भाईंनी मॅच अर्धी टाकून आम्हाला बाहेर काढलं होतं. मी त्याची आठवण दिली. ‘ते वेगळं,’ म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला. काकींनी चहा दिला, तो पिऊन आलो.

ग्रुपवर ओळ टाकली. दोघे बाहेर पडले. हसणाऱ्यांतल्या एकाने मला वेगळा मेसेज केला, ‘बरं केलंस’. ग्रुपवर का नाही लिहिलंस विचारलं तर उत्तर नाही. भाई अजून ग्रुपवर आहेत, काही बोललेले नाहीत. जर्सीचं मी त्या मुलाला कळवलं. त्याने वाचलंय.

पेडणेकर_नंबर_१०

हल्याळचो, चोणक कुठे मिळाला? बोरीच्या पुलाखाली?

हल्याळचो

जागा सांगणारा गरवणारा अजून जन्मायचा आहे.