पास्त्रामी कोणाची सरस: न्यूयॉर्कची की लॉस एंजेलिसची?

हडसनकाठ

गेली अकरा वर्षे मी न्यू जर्सीत राहतो आणि भारतातून कोणी आले की त्यांना हटकून मॅनहॅटनमध्ये हाउस्टन स्ट्रीटवरच्या काट्झ डेलीत, म्हणजे सँडविच आणि खारवलेले मांस मिळणाऱ्या खानावळवजा दुकानात नेतो. १८८८ पासून चालत आलेल्या या दुकानातली पास्त्रामी (मसाला लावून मुरवलेले, धुरी दिलेले गोमांस) अमेरिकेत सर्वांत सरस आहे, असे माझे ठाम मत आहे. एरवी बाजारात मिळणाऱ्या खारवलेल्या मांसात मिठाचे पाणी सुयांनी टोचून भरतात आणि ते दोन दिवसांत तयार करतात. काट्झमध्ये मात्र मांस सावकाश मुरू देतात आणि त्याला तीस दिवसांपर्यंतही लागतात. त्यानंतर धुरी आणि शेवटी वाफ. वाफेतून काढलेला, वरून मिऱ्या-धण्यांचा काळपट थर असलेला तो मऊ तुकडा कापणारा माणूस फळीवर ठेवतो, मांसाच्या धाग्यांना आडवी सुरी चालवतो आणि सँडविच रचण्याआधी एक काप बशीत घालून तुमच्यापुढे सरकवतो. यंत्रावर कापलेल्या पास्त्रामीला ही सर येत नाही. आमच्या गावातल्या एका डेलीत कागदासारख्या पातळ, गार चकत्यांची चळत पावात घालून दिली होती. त्यात चरबी विरघळलेली नव्हती आणि धण्याचा वासही नव्हता.

सँडविच आणि त्यावर तिखट मोहरी, एवढे पुरे आहे. आपले मत काय?

पश्चिमवारा

काट्झच्या मांसाबद्दल माझे दुमत नाही, परंतु आपण पावाविषयी एक अक्षरही लिहिलेले नाही, आणि माझा सगळा आक्षेप तिथेच आहे. लॉस एंजेलिसमध्ये मॅकार्थर पार्कसमोर १९४७ पासून लँगर्स आहे. तिथेही पास्त्रामी हातानेच कापतात, पण राय ब्रेड (राय या धान्याचा पाव) दुकानात पुन्हा भट्टीत घालून गरम असतानाच कापतात. त्यामुळे त्याची कड चावताना कुरकुरते, आतला भाग मात्र लुसलुशीत राहतो आणि मधेच दाताखाली कॅरवेचा दाणा येतो, ज्याचा स्वाद आपल्या शहाजिऱ्याच्या जवळचा आहे. न्यूयॉर्कमध्ये मी जिथे जिथे खाल्ले तिथे चौथ्या घासापर्यंत खालची फोड ओली होऊन फाटली आणि पुढचे मांस काट्याने खावे लागले. ज्याला पावासकट उचलता येत नाही, त्याला सँडविच का म्हणायचे?

तिथला १९ क्रमांकाचा प्रकार, म्हणजे पास्त्रामी, स्विस चीज, कोबीचे कोलस्लॉ आणि रशियन ड्रेसिंग, हा मी आजवर खाल्लेल्या सँडविचांतला सर्वोत्तम आहे. खाद्यक्षेत्रातले पुरस्कार देणाऱ्या जेम्स बिअर्ड फाउंडेशनने २००१ मध्ये या दुकानाचा गौरव केला, तो उगाच नव्हे.

हडसनकाठ

पावाचा मुद्दा मला मान्य करावा लागेल. मात्र मुरवण्यात, धुरी देण्यात आणि वाफवण्यात इतके कष्ट घेतल्यावर त्या मांसावर आंबटगोड ड्रेसिंग आणि कोबी घालणे मला पटत नाही, कारण मग धूर आणि मिरे शोधावे लागतात.

जुना मोहल्ला

आपण दोघेही एक गोष्ट विसरत आहात. पास्त्रामी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रोमानियाच्या ज्यू स्थलांतरितांबरोबर न्यूयॉर्कला आली. तिकडे ती बहुधा गूझ या बदकासारख्या पाळीव पक्ष्याची करत, इथे गोमांस स्वस्त पडले म्हणून त्याची झाली. ज्यूंच्या आहारनियमांनुसार मांस आणि दूध एकत्र चालत नाही, म्हणून १९ क्रमांकातले चीज त्या परंपरेतले नव्हे. काट्झही कोशर, म्हणजे हे आहारनियम पाळणारी, नाही; तिथे रूबेन सँडविचात चीज घालतात. १९५४ साली सुरू झालेल्या सेकंड अव्हेन्यू डेलीत मात्र आजही कोशर जेवण मिळते. पास्त्रामी, राय, मोहरी आणि बाजूला आंबवलेल्या काकड्या, एवढ्यावरच तिथले सँडविच उभे राहते, आणि उणीव झाकायला त्यात काहीच नसल्यामुळे माझ्या लेखी तीच खरी परीक्षा आहे. मांसाच्या उंचीवर सँडविच जोखणाऱ्यांचे मला कधीच पटले नाही. न्यूयॉर्कचीच कार्नेगी डेली २०१६ च्या अखेरीस बंद झाली तेव्हा अनेकांनी तिथल्या ढिगाएवढ्या सँडविचांची आठवण काढली, पण जबड्यात न मावणाऱ्या घासाची चव कशी कळणार?

तिठा

मी गोमांस खात नाही आणि या धाग्यावरचे बरेच वाचकही खात नसतील, म्हणून वरच्याच नियमाची दुसरी बाजू मांडतो. मांस आणि दूध वेगळे ठेवायचे असल्यामुळेच ज्यूंमध्ये केवळ दुधातुपाचे पदार्थ देणारी खानावळ निर्माण झाली. न्यूयॉर्कच्या सेकंड अव्हेन्यूवर बी अँड एच डेअरी ही १९३८ पासूनची अरुंद जागा आहे, जिथे मांस अजिबात नसते. सूपबरोबर लोणी माखलेल्या ‘हल्ला’ (challah) या ज्यूंच्या मऊ ब्रेडच्या जाडजूड फोडी येतात, आणि त्याच ब्रेडमध्ये भाजलेले चीज सँडविच मला कोणत्याही पास्त्रामीपेक्षा सरस वाटते. दुकान चालवणारे जोडपे इजिप्तचा मुस्लीम पती आणि पोलंडची कॅथलिक पत्नी असे आहे, तरी जेवण कोशर राहिले आहे. २०१५ मध्ये जवळच गॅसचा स्फोट झाल्यावर कित्येक महिने ते बंद होते, तेव्हा परिसरातल्या लोकांनी पैसे गोळा करून त्याला हात दिला. पास्त्रामीपुरतीच डेलीची चर्चा करणे म्हणजे अर्धी पंगत उपाशी ठेवणे होय.

पश्चिमवारा

हल्ला ब्रेडचे वाचून आनंद झाला. अखेर कोणीतरी पावापासून सुरुवात केली.

हडसनकाठ

तिठा, आपला प्रतिसाद मला लागला. तीन वर्षांपूर्वी आई आली होती, तेव्हा मी तिलाही उत्साहाने काट्झमध्ये नेले होते. आम्ही पास्त्रामीवर ताव मारत असताना ती समोर बसून काकड्यांच्या फोडी खात राहिली आणि ‘छान आंबल्यात रे’ एवढेच म्हणाली. पास्त्रामीबद्दलचे माझे मत बदललेले नाही, पण तिला कुठे न्यायला हवे होते, हे मला आज कळले. ती मार्चमध्ये पुन्हा येते आहे. त्या अरुंद जागेत दोघांना शेजारी बसता यावे म्हणून किती वाजता जाणे बरे पडेल?