गल्लीत गोळीबार झाला. दोन्ही घरांशी आता कसं वागायचं?

पोळीभाजी_वागळे:
वागळे इस्टेटमध्ये माझं पोळीभाजी केंद्र आहे. तीन आठवड्यांपूर्वी रात्री समोरच्या नाक्यावर भांडणात गोळ्या सुटल्या. १९ वर्षांचा मुलगा गेला. आईची संध्याकाळची पाळी, म्हणून रोज माझ्याकडून सहा चपात्या न्यायचा. एक गोळी माझ्या शटरमधून आरपार गेली. ते भोक अजून तसंच आहे.

ज्याने झाडली म्हणतात तो आत आहे. त्याची आई आमच्याच गल्लीत राहते, गेलेल्या मुलाच्या घरापासून चार दारं सोडून. ती नळावर आली की बायका हंडे उचलून बाजूला होतात. लहान पोरं साडेसातलाच घरात. गेलेल्या मुलाचे मित्र नाक्यावर गप्प उभे असतात, त्याचीच जास्त भीती वाटते. तपास पोलीस करतायत, पण गल्लीचं काय? बचत गटातल्या आम्ही ११ जणी काहीतरी करायला तयार आहोत. त्या बाईकडे जावं का?

शिकागोकर:
ताई, आधी त्या मित्रांकडे बघा. इथे शिकागोत गॅरी स्लटकिन या डॉक्टरने २००० साली वेस्ट गारफील्ड पार्क या वस्तीत काम सुरू केलं. आफ्रिकेत एड्स, कॉलऱ्याच्या साथींवर काम केलेला माणूस. गोळीबारही साथीसारखा एकाकडून दुसऱ्याकडे जातो, म्हणून बदला घेतला जाण्याआधीच मध्ये पडायचं, हे त्याचं म्हणणं. मध्ये पडतात ते वस्तीतलेच, पूर्वी त्याच वाटेने गेलेले लोक. पोरं त्यांचं ऐकतात. असा कोणी सुधारलेला दादा तुमच्याकडे असेल तर त्याला गाठा.

इथल्याच इंगलवुड वस्तीत २०१५ ला तमार मनासे आणि काही आया कोपऱ्यावर खुर्च्या टाकून बसू लागल्या. तिथेच रांधायचं, येईल त्याला वाढायचं. पण २०१९ च्या जुलैत त्याच कोपऱ्यावर दोन आयांचा गोळीबारात जीव गेला, हेही सांगायलाच हवं. एकट्यादुकट्या बसू नका, पोलीस ठाण्यात सांगून बसा.

ऐरोलीची_बाई:
जा, पण गेलेल्या मुलाच्या आईला विचारल्याशिवाय नको. बोस्टनमध्ये क्लेमेंटिना शेरी यांचा १५ वर्षांचा लुई १९९३ मध्ये दुसऱ्यांच्या गोळीबारात सापडून गेला. पुढच्याच वर्षी त्यांनी त्याच्या नावाने संस्था काढली. ती मेलेल्याच्या घरच्यांसाठी काम करते आणि मारणाऱ्याच्या घरच्यांसाठीही. मी शाळेत शिकवते. आरोपीला धाकटी भावंडं असतील तर वर्गात त्यांच्या बाकावर कोणी बसत नसणार. त्यांची चौकशी करा.

पोळीभाजी_वागळे:
विचारलं. ती बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "तू जा. मला चल म्हणू नकोस." काल डबा घेऊन गेले. धाकटी बहीण आहे, सातवीत. १२ दिवस शाळेत गेलेली नाही. उद्यापासून माझ्या मुलीबरोबर जाईल.

एक रिक्षावाले दादा पोरांशी बोलायला तयार झालेत, पूर्वी स्वतः आत जाऊन आलेले. रविवारी सहा वाजता नाक्यावर खुर्च्या टाकतोय. थालीपीठं मी करणार.