मदत हवी आहे: चिपळुणात फ्लॅट बघायला लागण्याआधी बजेट कसं ठरवायचं?

नमस्कार मंडळी. आम्ही चिपळुणात भाड्याने राहतो. हे लोट्याच्या एमआयडीसीत आहेत, हातात 46,000 येतात. मी एका मेडिकल दुकानात जाते, 14,000, तेही रोख. लेक तिसरीत. भाडं 8,500 आणि गाडीचा हप्ता 3,200, तो अजून वर्षभर आहे. शिल्लक म्हणाल तर एफडी साडेसहा लाख, आरडीत एक लाख दहा हजार. गुहागरकडे सासऱ्यांची कलमं आहेत, पण सातबारावर पाच नावं. शिवाय आंब्याचं एका वर्षी 60 हजार येतात आणि पुढच्या वर्षी अवकाळीने मोहोर गळला की फवारणीचेही सुटत नाहीत. ते मी हिशोबात धरतच नाही.

गेल्या वर्षी आम्ही सगळं उलटं केलं. आधी फ्लॅट पसंत केला, मग पैशांकडे बघितलं. 32 लाख सांगत होते. गॅलरीतून वाशिष्ठी दिसत होती, तेवढ्यावर भुललो आणि 51,000 टोकन देऊन मोकळे झालो. बँकेतला माणूस तोंडी म्हणाला होता, "28 होऊन जातील." कागद गेल्यावर मंजूर झाले 22. वरचे दहा लाख कुठून आणणार? बिल्डरने 20,000 कापून बाकीचे परत केले, तेही चार महिने फेऱ्या मारल्यावर.

या वेळी दिवाळीपर्यंत एकही फ्लॅट बघायचा नाही, आधी आकडा ठरवायचा, असं आमचं ठरलंय. पण आकडा बसत नाहीये. 32 लाखांचंच घर धरलं आणि बँकेने 85 टक्के दिले, तरी आमचे 4 लाख 80 हजार. मुद्रांक शुल्क 6 टक्क्यांनी 1 लाख 92 हजार, नोंदणीचे 30 हजार. काम चालू असलेली इमारत असेल तर जीएसटी 1 टक्का, म्हणजे आणखी 32 हजार. वकील, बँकेची फी, ग्रील, ओटा हे अजून लिहिलंच नाही, तरी सगळी एफडी संपली.

आणि एफडी संपवायला माझं मन होत नाही. 22 जुलै 2021 ला आम्ही बाजारपेठेत तळमजल्यावर होतो. पाणी उतरल्यावर फ्रीज, गाद्या, लेकीचा पाळणा सगळं रस्त्यावर टाकलं. एफडीच्या पावत्या मी चिमटे लावून दोरीवर वाळत घातल्या होत्या. त्या वर्षी त्याच मोडून उभे राहिलो.

तर किती रकमेचं घर बघू? एफडी किती ठेवू, किती मोडू? आणि पगार 46 असताना बँक 22 वर का अडली? तळमजल्याचे फ्लॅट दोन-तीन लाखांनी स्वस्त मिळतायत, त्याचाही मोह होतोय.

जांभ्याचा_चिरा: ताई, 22 वर अडायचं कारण तुम्हीच लिहिलंय. तुमचे 14,000 रोख, म्हणजे बँकेच्या लेखी ते नाहीतच. उरले 46. सगळे हप्ते मिळून पगाराच्या साधारण निम्म्यात बसावेत असं बँक धरते. निम्मे 23, त्यातून गाडीचा हप्ता गेला की 19,800. साडेआठ टक्के व्याजाने 20 वर्षांसाठी लाखाला साधारण 868 रुपये हप्ता बसतो. भागून बघा, पावणेतेवीसच्या आसपास येतं. दुकानदाराला पगार खात्यात टाकायला सांगा आणि रिटर्न भरायला लागा. दोन वर्षांनी तोच पगार मोजला जाईल.

आता उलटीकडून या. दोन लाख बाजूला ठेवा, त्यांना हात लावायचा नाही. तुम्ही पूर बघितलाय, जास्त सांगत नाही. उरले 5 लाख 60 हजार. 25 लाखांचं घर धरा: 15 टक्के म्हणजे पावणेचार, मुद्रांक दीड, नोंदणी 25 हजार. झाले साडेपाच. कर्ज सव्वाएकवीस, हप्ता साडेअठरा हजारांच्या आतबाहेर. म्हणजे आजच्या घडीला तुमचं घर 25 चं आहे, आणि तेही पूर्णत्वाचा दाखला मिळालेलं, म्हणजे जीएसटी लागत नाही. फक्त तुमच्या एकटीच्या नावावर घेतलंत तर मुद्रांकात 1 टक्का सूट मिळते, तेवढ्यात वकील आणि बँकेची फी निघेल. तुमचे मिस्टर मालक नसून सहकर्जदार चालतील का, ते बँकेला आधी विचारा. आणि मुद्रांक करारातल्या रकमेवर किंवा सरकारी बाजारमूल्यावर, जे जास्त असेल त्यावर लागतं, हेही धरून चाला.

खाडीपलीकडचा: वरचा हिशोब बरोबर आहे, पण वहिनी, हप्ता झेपतो का हे कागदावर कळत नाही. आम्ही काय केलं ते सांगतो. भावी हप्ता आणि आत्ताचं भाडं यातला फरक, तुमच्या बाबतीत दहा हजार, दर महिन्याला नवीन आरडीत टाका. मात्र जूनपासून सुरुवात करा. आगोटीचं सामान म्हणजे पावसाळ्याची बेगमी, वह्या-पुस्तकं, मग गणपती, मुंबईहून येणारी माणसं. हे चार महिने आरडी न चुकता गेली तर वीस वर्षं हप्ता जाईल. आमची पहिल्या वर्षी भाद्रपदात बुडाली होती, तेव्हा घर वर्षभर पुढे ढकललं.

तळमजल्याबद्दल: पूररेषेचा नकाशा नगरपरिषदेत बघा, निळी रेषा (नेहमीच्या पुराची) कुठे आणि लाल (मोठ्या पुराची) कुठे. वाचलेले तीन लाख एका पावसात जातात. विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईकही पहिला प्रश्न हाच विचारतं, एकवीसला पाणी कुठपर्यंत होतं?

जांभ्याचा_चिरा: एक राहिलं. सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींचा रिपोर्ट, बघितला का? वर्षातून एकदा फुकट मिळतो. कुणाला जामीन असाल तर तेही त्यात दिसतं.

धागाकर्ती: दोघांचे मनापासून आभार. काल रात्री ह्यांचा रिपोर्ट काढला. स्कोअर 690. ह्यांचं स्वतःचं काहीच थकलेलं नाही. चुलत दिरांनी टेम्पो घेतला तेव्हा हे जामीन राहिले होते, त्यातले तीन हप्ते उशिरा गेलेत. हे म्हणतात, "अगं, मी नुसती सही केली होती."

दुकानातल्या काकांना पगाराचं विचारलं. पुढच्या महिन्यापासून खात्यात टाकतो म्हणाले. आरडीही उघडतेय, दहा हजारांची. राहता राहिले दीर. माणूस चांगला आहे, पुराच्या वेळी आठवडाभर आम्ही त्यांच्याकडेच होतो, चिखल काढायलाही तेच आले होते. त्यांना हप्त्यांचं कोणत्या तोंडाने विचारू? कुणावर अशी वेळ आली असेल तर काय बोललात, ते सांगा. शनिवारी ते येणार आहेत जेवायला.