अकरा महिने झाले, रांगत नाही, बसूनच सरकते: वॉकर आणावा का?

लेकीची_आई
मुलगी अकरा महिन्यांची झाली. जन्म 35 आठवड्यांचा, तेव्हा वजन 2.3 किलो, आता 8.1 किलो, लांबी 71 सेंमी. आधाराशिवाय छान बसते, पण रांगत नाही. बुडावर बसून एका हाताने रेटा देत घरभर सरकते. पालथं घातलं की रडते. उभं करायला गेलं तर पाय वर ओढून घेते. सासूबाई गोल वॉकर आणू म्हणतात.

फिजिओ_सांगली
आधी वय नीट धरा. पाच आठवडे लवकर जन्मली, तेवढे वजा केले की ती दहा महिन्यांचीही पुरती नाही. दोन वर्षांची होईपर्यंत असंच मोजायचं, वजन-लांबीच्या तक्त्यावरसुद्धा. तिची वाढ उत्तम आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006च्या मापांत रांगण्याचा काळ 5.2 ते 13.5 महिने आणि एकट्याने चालण्याचा 8.2 ते 17.6 महिने आहे. त्यातली चारेक टक्के मुलं तर रांगलीच नव्हती. बसून सरकणारी मुलं बऱ्याचदा उशिरा चालतात. पाय वर ओढणं हीदेखील त्यांची सवयच.

गोल वॉकर मात्र नको. झोळीत लटकलेलं मूल चवड्यांनी जमीन ढकलतं. टाच टेकत नाही, कंबरेवर भार येत नाही, तोल सांभाळायची वेळच येत नाही. जिना, उंबरा, गरम भांडं यांच्यापर्यंत क्षणात पोचतं ते वेगळंच. कॅनडात 2004पासून याच्या विक्रीवर बंदी आहे.

त्याऐवजी सतरंजीवर पाय पसरून बसा आणि तिला तुमच्या मांडीवर आडवी पालथी घाला: छाती-पोट मांडीवर, पलीकडे तळवे जमिनीवर, अलीकडे गुडघे टेकलेले. समोर वाटी-चमचा ठेवा. दोन-तीन मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा, दूध पाजल्यावर तासाभराने. रडली तर लगेच उचला, थोड्या वेळाने पुन्हा. गुडघे आणि पावलं उघडी ठेवा. गुळगुळीत फरशीवर मोजे घातले की गुडघा सटकतो आणि मूल पुन्हा बुडावर बसतं.

चाफा
सासूबाईंना लाकडी पांगुळगाडा सुचवा, पण ती धरून स्वतः उभी राहून दिवाणाच्या कडेने चालू लागल्यावरच. हलका गाडा पुढे पळतो आणि मूल तोंडावर आपटतं. खालच्या दांड्यावर दोनेक किलो वाळूची पिशवी घट्ट बांधा. चालवताना हात वर ओढून धरू नका, त्याने चवड्यांवर भार जातो, कंबरेला धरा.

अंगणवाडी_ताई
रेटा कायम एकाच हाताने देते का?

लेकीची_आई
हो, उजव्याच.

अंगणवाडी_ताई
सरकणाऱ्या मुलांत तेही दिसतं, पण खात्री करून घ्या. उजव्या हातात खेळणं द्या आणि डाव्या बाजूला ताटलीत भाताची चार मऊ शितं ठेवा. डावा हात उघडून बोटांनी उचलायला बघते का? की मूठ आवळलेलीच राहते, नाहीतर उजवं खेळणं टाकून तोच हात आडवा आणते? वेगवेगळ्या वेळी दोन-तीनदा बघा. डावा हात मागेच राहत असेल, किंवा लंगोट बदलताना डावा पाय ताठ लागत असेल, तर व्यायाम करत वाट पाहू नका. याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात ही तपासणी मोफत होते. जाताना माता-बाल संरक्षण कार्ड आणि जन्माच्या वेळचे कागद न्या.