गोव्याच्या फोटोवरून शाळा राजीनामा मागतेय, द्यायचा का?

निळी_शाई
पुण्याजवळच्या एका विनाअनुदानित इंग्लिश मीडियम शाळेत (स्टेट बोर्ड) सहावी-सातवीला सायन्स शिकवते, दुसरं वर्ष चालू आहे. मे महिन्यात कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर गोव्याला गेले होते. तिथला एक फोटो, शॉर्ट्स घातलेली, हातात बिअरचा ग्लास, बास. माझं इन्स्टा प्रायव्हेट आहे पण मैत्रिणीने टॅग केलं आणि तिचं ओपन. कुणा पालकाने स्क्रीनशॉट काढून वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला, खाली फक्त एवढंच, "आमच्या मुलांच्या मॅडम".
शनिवारी शाळा सुटल्यावर ऑफिसला बोलावलं. मुख्याध्यापिका, सचिव आणि अजून एक ट्रस्टी. टेबलावर त्या फोटोची कलर प्रिंट, तीही लॅमिनेट केलेली!! म्हणजे कुणीतरी झेरॉक्सच्या दुकानात जाऊन माझा फोटो लॅमिनेट करून आणलाय, ह्याचाच मला जास्त राग आलाय. सचिव म्हणाले बाळा तुझ्या भल्याचंच सांगतोय, "वैयक्तिक कारणास्तव" असं लिहून दे, अनुभवाचा दाखला चांगला देतो, नाहीतर उगाच रेकॉर्ड खराब होईल. मी घरी विचारून सांगते म्हणून निघाले. सोमवारपर्यंत द्यायचाय म्हणे. बाबा म्हणतात देऊन टाक, दुसरी शाळा मिळेल. असं खरंच काढता येतं का कुणाला?

निवृत्त_हेडमास्तर
ताई, सोमवारी कुठल्याही कागदावर सही करू नका. बाकी सगळं नंतर.
आपल्याकडे महाराष्ट्रात खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा आहे, सगळे एमईपीएस म्हणतात तो, आणि तो विनाअनुदानितलाही लागू आहे. त्यातलं कलम ७ वाचा. राजीनामा द्यायचा तर दोन प्रतीत लिहायचा, दोन्हीवर सही आणि तारीख, एक प्रत रजिस्टर पोस्टाने मॅनेजमेंटला पाठवायची आणि एक स्वतःजवळ. ऑफिसात बसवून, पेन हातात देऊन कागद घेतात ना, ते होऊ नये म्हणूनच ही भानगड. ते दाखल्याचं गाजर पण सोडून द्या, दाखला हा उपकार नसतो.
आता खरी गोची. दुसरं वर्ष म्हणजे बहुतेक प्रोबेशन. काम किंवा वर्तणूक समाधानकारक नाही म्हणून एक महिन्याची नोटीस किंवा एका महिन्याचा पगार देऊन प्रोबेशनवाल्याला काढता येतं, कलम ५(३). परमनंट असता तर नियम ३६ खाली चौकशी समिती बसवावी लागली असती, तीन जणांची, त्यातला एक तुमचा माणूस. ते संरक्षण तुम्हाला कितपत मिळेल हे नेमणुकीच्या ऑर्डरवर आहे. ऑर्डर कशी आहे? दोन वर्षांची का अकरा महिन्यांची? नेमणुकीला शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता आलीय का?
पण त्यांनी काढलं तर ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं. तुम्हीच लिहून दिलंत तर आधी तो जबरदस्तीने घेतला हे सिद्ध करत बसा. त्यांना हे पक्कं माहितीय, म्हणून तर बाळा बाळा चाललंय.

दोन_पोरांचा_बाप
कायदा असेल हो, पण मी पालक म्हणून स्पष्ट बोलतो. सहावीची पोरं आता सगळी इन्स्टावर आहेत, उद्या वर्गात मागच्या बाकावरून कुणी काही बोललं तर शिकवणार कसं? काढून टाका असं मी म्हणत नाहीये पण शिक्षकाने थोडं सांभाळून राहायला नको का.

तळ्यात_मळ्यात
@दोन_पोरांचा_बाप सांभाळूनच होती की, अकाउंट प्रायव्हेट होतं. आणि पोरांपर्यंत फोटो पोचवला कोणी, मॅडमनी का तुमच्यातल्याच एका पालकाने? गोव्यात २१ पूर्ण झाली की बिअर पिणं कायदेशीर आहे. शाळेच्या वेळेत नाही, शाळेत नाही, मुलांसमोर नाही. सरांचा ट्रेकवरचा उघडा फोटो असता तर "काय फिटनेस आहे" अशा कमेंटा आल्या असत्या हे तुम्हालाही माहितीय.
लॅमिनेटचं वाचून कोलकात्याची केस आठवली. सेंट झेवियर्स युनिव्हर्सिटीतली असिस्टंट प्रोफेसर, स्विमसूटमधले फोटो, तेही नोकरीला लागायच्या आधी टाकलेल्या इन्स्टा स्टोरीतले. एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी तक्रार केली, मग तिला कमिटीपुढे बसवून फोटोच्या प्रिंट दाखवल्या, २०२१ ची गोष्ट. ती म्हणते राजीनामा द्यायला लावला, युनिव्हर्सिटी म्हणते स्वखुशीने गेली. वर तिने नोटीस पाठवली तर युनिव्हर्सिटीनेच उलट ९९ कोटींची भरपाई मागितली!! अमेरिकेत जॉर्जियात २००९ ला अगदी निळी_शाईसारखंच, युरोप ट्रिपचे वाइन-बिअरचे फोटो, एक निनावी ईमेल, आणि बाईंनी दबावाखाली राजीनामा दिला, नंतर कोर्टात गेल्या पण नोकरी काही परत मिळाली नाही. सगळीकडे हीच पद्धत, कारवाई करायचीच नाही, माणसाकडूनच लिहून घ्यायचं.
रशियात मात्र २०१९ ला मजा झाली, बर्नाऊलच्या एका शिक्षिकेला स्विमसूटच्या फोटोवरून नोकरी सोडायला लागली तर देशभरातल्या शिक्षिकांनी स्वतःचे तसेच फोटो टाकले, शिक्षकही माणसंच आहेत असा हॅशटॅग लावून. आपल्याकडे स्टाफरूममधले दोघं जरी बाजूने उभे राहिले तरी खूप.

झेडपी_गुरुजी
आमच्या सरकारी लोकांना तर जुलै २०२५ चा जीआरच आहे सोशल मीडियाचा, वैयक्तिक आणि ऑफिसचं अकाउंट वेगळं ठेवा, प्रोफाइल फोटो सोडून पदनाम, गणवेश, सरकारी गाडी-इमारत फोटोत-रीलमध्ये नको वगैरे. झेडपीलाही लागू. तुमची शाळा खासगी, त्यामुळे तो थेट लागू नाही, कुणी जीआर दाखवून घाबरवलं तर ऐकू नका. आणि त्या फोटोत शाळेचं नाव, आयकार्ड, मुलं काहीच नाही ना? मग झालं. वर्गात पोरांना उभं करून रील काढणारे असतात त्यांचं वेगळं.
टॅग अप्रूव्ह केल्याशिवाय दिसणार नाही असं सेटिंग करा, आणि ग्रुपवरचा तो मेसेज नंबरासकट सेव्ह करून ठेवा, डिलीट व्हायच्या आत.

निळी_शाई
सगळ्यांना थँक्यू. ऑर्डर दोन वर्षांची आहे, मान्यतेचं विचारलं की "प्रस्ताव पाठवलाय" एवढंच सांगतात. आज गेले होते, राजीनामा दिला नाही, उलट पत्र दिलं की माझ्याविरुद्ध काय तक्रार आहे ती लेखी द्या. सचिव काही बोललेच नाहीत. क्लार्कने पत्र घेतलं पण पोच द्यायला तयार नाही, म्हणे साहेबांनी सांगितलंय. स्टाफरूममध्ये मॅथ्सच्या मॅडम सोडून कुणी बोललं नाही. बाबा अजून फुगलेलेच आहेत.

निवृत्त_हेडमास्तर
बरं केलंत. पोच देत नाहीत तर तेच पत्र उद्या स्पीड पोस्टने, रजिस्ट्रेशन आणि पोचपावती लावून पाठवा (रजिस्टर पोस्ट आता वेगळं राहिलं नाही) आणि एक प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना. मान्यतेच्या प्रस्तावाचा जावक नंबर त्याच पत्रात मागा, बघा कशी धावपळ होते. रोज वेळेवर जाऊन हजेरीच्या मस्टरवर सही करा, घरी बसू नका, नाहीतर स्वतःहून येणं बंद केलं असं लिहितील. मस्टर लपवलं तर त्याच दिवशी, त्याच तारखेला ईमेल.
वडिलांचा नंबर खासगी मेसेजमध्ये पाठवा, मी बोलतो त्यांच्याशी.